गाडीतील फ्रीज आणि दोन ते आठ अंशांचा हिशोब



आपल्या रुग्णालयाच्या ताळेबंदात ‘वाहने व उपकरणे’ या शीर्षाखाली फिरत्या दवाखान्याच्या गाडीतील फ्रीजचा समावेश एका ओळीत होतो. खरेदीची किंमत, वर्षाचा घसारा आणि शिल्लक मूल्य एवढेच ताळेबंद सांगू शकतो. त्या फ्रीजमधून निघालेले औषध वाडीवरच्या रुग्णाच्या हाती पोहोचेपर्यंत औषधच राहिले की केवळ काचेच्या कुपीतले पाणी झाले, याचा हिशोब मात्र ताळेबंदात येत नाही. तो वेगळा ठेवावा लागतो. फ्रीज एकदा विकत घेतल्यावर वेगळा तापमापक, जाड वायर, दुसरी बॅटरी आणि तापमानाची नोंदवही यांवर पुन्हा खर्च कशासाठी, असा प्रश्न काही देणगीदार आपुलकीने विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे सविस्तर उत्तर द्यावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. लेखकाचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. म्हणून येथे शास्त्राची चर्चा आवश्यक तेवढीच केली असून, भर व्यवहारावर व हिशोबावर दिला आहे.

दोन ते आठ अंशच का?

बहुतेक लसी, न उघडलेले इन्सुलिन, रेबीजची लस, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी वापरले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन अशी अनेक औषधे २ ते ८ अंश सेल्सिअस या तापमानात ठेवावयाची असतात. आठ अंशांच्या वर गेल्यास औषधाची शक्ती हळूहळू उतरते. हा ऱ्हास सहसा तासांच्या व दिवसांच्या मापाने होतो आणि तापमान जितके अधिक तितका तो वेगाने होतो. पोलिओची तोंडाने द्यावयाची लस उष्णतेला सर्वांत नाजूक असते.

शून्याच्या खाली जाण्याचा धोका निराळा आहे आणि तो सामान्यतः दुर्लक्षित राहतो. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, धनुर्वात व घटसर्पाची टीडी, डीपीटी या लसींमध्ये प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी ॲल्युमिनिअमचे क्षार मिसळलेले असतात. लस एकदा गोठली की या क्षारांचे कण एकमेकांना चिकटतात आणि बर्फ वितळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. इन्सुलिनही एकदा गोठले की निरुपयोगी होते. उष्णतेने होणारे नुकसान मुदलात हळूहळू घट होण्यासारखे असते. गोठण्याने मात्र सारे मुद्दल एका रात्रीत बुडते.

लसीच्या कुपीवर व्हीव्हीएम नावाचे उष्णतादर्शक चिन्ह असते. उष्णता लागत जाईल तसा त्यातील आतला चौकोन गडद होतो, आणि तो बाहेरच्या वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की कुपी टाकून द्यावी लागते. हे चिन्ह अतिशय उपयुक्त आहे, परंतु ते केवळ उष्णतेची साक्ष देते. कुपी रात्री गोठून सकाळी वितळली असली, तरी चौकोन फिकाच राहतो. आई विश्वासाने बाळाला मांडीवर धरते, परिचारिका विधिवत टोचते, कार्डावर तारीख पडते, आणि तरीही बाळ संरक्षित होत नाही. याची तक्रार कोणी करीत नाही, कारण ते कोणाच्या लक्षातच येत नाही. या विषयाचे गांभीर्य आहे ते येथे.

शीतसाखळी आणि आपला तालुका

औषध कारखान्यातून निघून रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत योग्य थंडाव्यात राहावे, यासाठी जी व्यवस्था असते तिला शीतसाखळी म्हणतात. शीतकरणाची साधने नव्हती त्या काळात लस पोहोचविणे किती अवघड होते, याचे उदाहरण आपल्या राज्याच्या इतिहासात आहे. देवीची लस बगदाद व बसरामार्गे मुंबईत आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. लस जिवंत ठेवण्यासाठी एकाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडात, त्याच्यापासून तिसऱ्याच्या, अशी माणसांचीच साखळी त्या वेळी करावी लागे. पुढे देशात १९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम व १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या केंद्रांपर्यंत शीतकपाटांचे जाळे उभे राहिले.

शासकीय कार्यक्रमातील लस शेवटच्या टप्प्यावर नेण्यासाठी आजही आइसपॅक घातलेले व्हॅक्सिन कॅरिअर व कोल्ड बॉक्स वापरले जातात, आणि त्या लसींच्या बाबतीत आरोग्य विभागाची पद्धतच पाळली पाहिजे. गाडीतील फ्रीज हा कॅरिअरचा पर्याय नव्हे. त्याचा उपयोग रुग्णालयाच्या स्वतःच्या साठ्यातील इन्सुलिन, रेबीजची लस, ऑक्सिटोसिन यांसारखी औषधे दिवसभराच्या किंवा मुक्कामाच्या फेरीत नेण्यासाठी होतो. लसीसाठीच असे यंत्र घ्यावयाचे झाल्यास ते जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वअर्हता यादीत आहे की नाही, हे प्रथम पाहावे. सहलीसाठी बनविलेल्या फ्रीजवर शीतपेयाची बाटली चार अंश इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. औषध बिघडते.

आपल्या तालुक्याची रचना या कामाची कसोटी पाहणारी आहे. पूर्वेकडील भोगावती व दूधगंगेच्या काठची ऊसकरी गावे तुलनेने जवळजवळ आहेत. फेजिवड्याच्या पुढे दाजीपूर-ओलवणच्या बाजूला मात्र जंगल, घाट आणि विखुरलेल्या वाड्या व धनगरवाडे आहेत. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या बंद गाडीच्या आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस, दमट हवा आणि खंडित वीज असते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत जिल्ह्यातील अनेक रस्ते पाण्याखाली गेले होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. डिसेंबर-जानेवारीत जंगलपट्ट्यातील पहाट चांगलीच गार असते. एकाच फ्रीजने या तिन्ही ऋतूंत दोन ते आठ अंशांची मर्यादा सांभाळावी, ही अपेक्षा लहान नाही.

दोन प्रकारचे फ्रीज

बाजारात गाडीसाठी मिळणारे फ्रीज मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात विजेच्या प्रवाहाने एक बाजू गार व दुसरी गरम करणारी पेल्टिअर नावाची चकती असते. ही पेटी स्वस्त, हलकी व आवाज न करणारी असते. परंतु ती आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा साधारणतः वीस अंशांपर्यंतच खाली आणू शकते. गाडीत ४५ अंश उष्णता असेल तर पेटीत पंचवीसच्या खाली जाणे कठीण. उलट अनेक स्वस्त पेट्यांत तापमान नियंत्रकच नसतो. गाडीत बारा अंश असतील तर तीच पेटी न थांबता चालत राहून औषध गोठवू शकते. म्हणजे ही पेटी उन्हाळ्यात कमी पडते आणि हिवाळ्यात मर्यादा ओलांडते. औषधांसाठी ती घेऊ नये.

दुसऱ्या प्रकारात घरच्या फ्रीजसारखाच, पण बारा व्होल्टवर चालणारा लहान कॉम्प्रेसर असतो. बाहेर कितीही ऊन असले तरी तो आतील तापमान उणे अठरापर्यंतही नेऊ शकतो. शक्ती भरपूर असल्याने उन्हाळ्याची चिंता कमी होते, पण काळजीचे कारणही हीच शक्ती आहे. थंड करणाऱ्या नळ्या बहुधा आतल्या भिंतींनाच गुंडाळलेल्या असतात. कॉम्प्रेसर चालू असताना भिंत शून्याच्या बरीच खाली जाते, मग मधल्या भागात पाच अंश का असेनात. भिंतीला टेकलेली कुपी अशा वेळी गोठते.

पडद्यावरचा आकडा कशाचा?

फ्रीजच्या दर्शनी पडद्यावर ‘४’ असा आकडा दिसला की आतील सर्व काही चार अंशांवर आहे, असा आपला समज होतो. वास्तविक तो आकडा एका ठरावीक जागी बसविलेल्या संवेदकाचा असतो, आणि ती जागा बहुधा भिंतीजवळ किंवा तळाशी असते. थंड हवा जड असल्याने तळाशी बसते, तर झाकणालगतची हवा उबदार राहते. कॉम्प्रेसरच्या वर आतल्या बाजूला जो ओट्यासारखा उंचवटा असतो, तो भागही तुलनेने उबदार असतो. तेव्हा तळ, मध्य, झाकणाजवळ आणि उंचवट्यावर अशी एकाच वेळी चार वेगळी तापमाने असू शकतात. पडद्यावरचा आकडा त्यांपैकी एकाच्याच जवळचा असतो.

दुसरे असे की हवेचे तापमान चटकन बदलते, औषधाचे सावकाश. झाकण उघडताच हवेचा आकडा दहा-बारावर गेला, तरी कुपीतील द्रव लगेच तितका तापत नाही. म्हणून हवेचा आकडा पाहून घाबरणे जसे चूक, तसे निर्धास्त होणेही चूक. यासाठी संवेदकाचे टोक ग्लायकॉल भरलेल्या लहान बाटलीत बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे तापमापक हवेचे क्षणिक चढउतार न दाखविता औषधाच्या जवळपास जाणारे तापमान दाखवितो.

धरणाचे दरवाजे आणि फ्रीजचा नियंत्रक

फ्रीजचा नियंत्रक कसा काम करतो, हे समजण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपण दर पावसाळ्यात पाहतो. पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी पुरेशी उतरली की आपोआप मिटतो. पाणी एका रेषेवर स्थिर राहत नाही. उघडण्याची पातळी आणि मिटण्याची पातळी यांच्या दरम्यान ते खालीवर होत असते.

फ्रीजचेही तसेच आहे. आपण पाच अंश ठरविले म्हणजे तो पाचवर स्थिर राहतो असे नाही. समजा, साडेसहाला कॉम्प्रेसर सुरू होतो आणि साडेतीनला थांबतो. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड अंशाचा चढउतार हा यंत्राच्या स्वभावातच आहे. हा फरक फार कमी ठेवला, तर कॉम्प्रेसर वारंवार चालूबंद होऊन झिजतो, त्यामुळे थोडा चढउतार स्वीकारावाच लागतो.

आता याचे अंदाजपत्रक मांडून पाहू. आपल्याला दोन ते आठ म्हणजे सहा अंशांची मर्यादा मिळाली आहे. बरोबर मध्यावर पाच ठरविल्यास प्रत्येक बाजूला तीन अंश शिल्लक राहतात. त्यातून नियंत्रकाचा चढउतार दीड अंश, फ्रीजमधील जागेजागेचा फरक एक अंश आणि संवेदकाची स्वतःची चूक अर्धा अंश वजा केली, तर हाती शून्य उरते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येक यंत्रात ते निराळे असतील. तात्पर्य मात्र एकच. झाकण उघडणे, उन्हात उभी गाडी, वीज जाणे या आकस्मिक खर्चांसाठी अंदाजपत्रकात तरतूदच राहत नाही. म्हणून वरील तीन खर्चांपैकी जो कमी करता येईल तो कमी करावा लागतो. ‘जास्त गार म्हणजे जास्त सुरक्षित’ असे मानून दोन अंश ठरविणे तर सर्वांत धोक्याचे, कारण त्यामुळे गोठण्याच्या बाजूची सारी शिल्लक आधीच खर्ची पडते.

विजेचा हिशोब

गाडीतील फ्रीज बिघडला अशी जी तक्रार येते, तिचे मूळ पुष्कळदा फ्रीजमध्ये नसून वायरमध्ये असते. अशा फ्रीजमध्ये गाडीची बॅटरी पूर्ण उतरू नये म्हणून एक संरक्षक व्यवस्था असते. विजेचा दाब ठरावीक मर्यादेखाली आला की फ्रीज स्वतःहून बंद होतो आणि दाब पुरेसा वाढल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. परंतु फ्रीजला दिसतो तो दाब बॅटरीवरचा नसून त्याच्या स्वतःच्या टोकापाशी पोहोचलेला असतो.

बॅटरीपासून मागच्या फ्रीजपर्यंतचे अंतर पाच मीटर धरू. वीज जाऊन परत यावयाची असल्याने तारेची लांबी दहा मीटर होते. तांब्याची तार दीड चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर तिचा रोध सुमारे ०.१२ ओहम होतो आणि पाच अँपिअर प्रवाहाला सुमारे ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सहा चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास हीच घट सुमारे ०.१५ व्होल्टवर येते. बॅटरी १२ व्होल्टवर असताना पहिल्या तारेने फ्रीजला ११.४ व्होल्टच मिळतात. त्यात सिगारेट लायटरच्या ढिल्या सॉकेटमधील घट मिळविली, तर बॅटरीत वीज असूनही फ्रीज बंद पडतो. जाड वायरीवर झालेला खर्च हा असा वसूल होतो. वायर थेट बॅटरीपासून, फ्यूज घालून आणि घट्ट बसणाऱ्या जोडणीने आणावी. घाटातील हादऱ्यांनी लायटरचा प्लग निसटणे ही नित्याची बाब आहे. शिवाय अनेक गाड्यांत चावी काढताच त्या सॉकेटची वीज बंद होते. चालक जेवायला उतरला की फ्रीजही थांबतो.

मुक्कामाच्या फेरीचा हिशोब असा. ४५ वॅटचा कॉम्प्रेसर बारा व्होल्टवर सुमारे पावणेचार अँपिअर घेतो. तो निम्मा वेळ चालला, तर चोवीस तासांत सुमारे ४५ अँपिअर-तास खर्च होतात. शंभर अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, असा संकेत आहे. म्हणजे एका दिवसाची बेगमी होते, दुसऱ्या दिवसाची होत नाही. कडक उन्हाळ्यात कॉम्प्रेसर निम्म्याहून अधिक वेळ चालतो, तेव्हा तीही होत नाही. म्हणून फ्रीजसाठी स्वतंत्र दुसरी बॅटरी असावी, ती गाडी चालू असताना चार्ज व्हावी आणि मुक्कामी फ्रीज घरगुती विजेवर लावावा. बॅटरी स्वतंत्र असेल तर संरक्षणाची मर्यादा खालच्या पातळीवर ठेवता येते. इंजिनाचीच बॅटरी वापरावी लागत असेल तर ती वरच्या पातळीवर ठेवावी, नाहीतर सकाळी गाडीच सुरू होणार नाही. छतावरील सौर पट्टीचा उन्हाळ्यात चांगला आधार होतो, पण आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात तिच्या भरवशावर राहू नये.

फ्रीज भरण्याची रीत

फेरीच्या आदल्या संध्याकाळी फ्रीज रुग्णालयातील विजेवर लावून रिकामाच थंड करावा. तापमान स्थिर झाल्यावर, आधीच थंड असलेले औषध त्यात ठेवावे. गाडीतील फ्रीजचे काम थंडावा टिकविण्याचे आहे. कोमट साठा थंड करण्याचे काम त्याच्यावर टाकू नये.

औषधे मधल्या भागात, छिद्रे असलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत ठेवावीत. डबा आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर जागा राहील, असा पुठ्ठा किंवा जाळी बसवावी. तळाशीही तसेच करावे. रिकामी जागा तशीच न ठेवता, फ्रीजमध्येच थंड केलेल्या पाण्याच्या बाटल्यांनी भरावी. पाण्यात थंडावा साठवून ठेवण्याची शक्ती हवेपेक्षा कितीतरी अधिक असल्याने झाकण उघडले किंवा काही काळ वीज गेली, तरी तापमान सावकाश चढते. या बाटल्या गोठविलेल्या नसाव्यात. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक उणे वीस अंशांच्या आसपास असतो आणि शेजारची कुपी गोठवू शकतो. आइसपॅक वापरावयाचाच असेल, तर तो बाहेर ठेवून, हलविल्यावर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज येईपर्यंत थांबावे. पाणी आणि बर्फ एकत्र असले म्हणजे तो शून्य अंशावर आला, असे समजावे.

जेवणाचे डबे, पिण्याचे पाणी, शीतपेये या फ्रीजमध्ये ठेवू नयेत. कारण एकच, झाकण जितक्या वेळा उघडेल तितका थंडावा जातो. रक्तलघवीचे नमुने औषधांसोबत ठेवू नयेत, त्यांना वेगळी पेटी असावी. रक्ताच्या पिशव्यांची वाहतूक रक्तपेढीच्या नियमांप्रमाणेच व्हावी. गोठवून वाळविलेल्या भुकटीच्या स्वरूपातील प्रतिसर्पविषासारख्या औषधांसाठी कुपीवरील सूचना पाहावी. ज्याला फ्रीजची गरज नाही, त्याने तेथील जागा अडवू नये.

पावसाळ्यात झाकण उघडताच दमट हवेतील बाष्प कुप्यांवर जमते, लेबले भिजतात व सुटतात. लेबल वाचता येत नसलेली कुपी कोणत्याही तापमानाची असो, ती वापरता येत नाही. म्हणून डब्यांना झाकण असावे, तळाचे पाणी रोज पुसावे आणि झाकणाचे रबर स्वच्छ ठेवावे. फ्रीजच्या जाळीभोवती वीतभर जागा मोकळी असावी. तेथून बाहेर पडणारी उष्णता कोंडली, तर कॉम्प्रेसर चालूनही गारवा मिळत नाही. गाडी सावलीत उभी करावी आणि फ्रीज पट्ट्यांनी असा बांधावा की घाटाच्या वळणांवर तो कलंडणार नाही.

ताळमेळ: दोन नोंदींची गाठ

कोणताही अनुभवी हिशोबनीस केवळ आपल्या रोकडवहीवर विसंबत नाही. तो बँकेचे पासबुक मागवून दोहोंचा ताळमेळ घालतो. फ्रीजच्या पडद्यावरील आकडा ही यंत्राने स्वतःच लिहिलेली रोकडवही आहे. तिचा ताळा पाहावयाचा तर स्वतंत्र तापमापक हवा.

तापमापक स्वतः खरा आहे का, हे तपासण्याची सोपी रीत आहे. थर्मासमध्ये बारीक ठेचलेला बर्फ गच्च भरून त्यात स्वच्छ गार पाणी घालावे, ढवळावे आणि तापमापकाचे टोक मधोमध धरून काही मिनिटे थांबावे. आकडा शून्य यावा. ०.७ आला तर तो तापमापक ०.७ अंश जास्त दाखवितो, असे त्याच्यावर चिठ्ठी लावून लिहावे व प्रत्येक नोंदीत तेवढे वजा करावे. उकळत्या पाण्याची कसोटी आपल्या कामाची नाही. डोंगरी भागात पाणी शंभर अंशांच्या खालीच उकळते आणि आपल्याला अचूकता हवी ती शून्य ते दहा अंशांत.

त्यानंतर फ्रीजची पाहणी करावी. तळ, मध्य, झाकणाजवळ, कोपरे आणि उंचवटा अशा ठिकाणी तापमान नोंदविणारी लहान यंत्रे ठेवून, नेहमीइतका माल भरून, पूर्ण एक दिवस-रात्र नोंद घ्यावी. औषधांऐवजी पाण्याच्या कुप्या ठेवाव्यात. ही पाहणी मे महिन्यात एकदा आणि जानेवारीत एकदा करावी, कारण एका ऋतूतील उत्तर दुसऱ्या ऋतूत लागू पडेलच असे नाही. कोणत्या कोपऱ्यात औषध ठेवू नये आणि पडद्यावर कोणता आकडा ठरविला असता मध्यभागी पाच अंश राहतात, ही दोन उत्तरे मिळाली म्हणजे पाहणी सफल झाली. ती उत्तरे कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवावीत.

रोजच्या वापरासाठी कमाल व किमान तापमान लक्षात ठेवणारा तापमापक किंवा दर दहा मिनिटांनी नोंद करणारे यंत्र असावे. सकाळी आठला चार अंश आणि संध्याकाळी आठला चार अंश अशी नोंद असली, तरी मधल्या बारा तासांत काय घडले हे त्यावरून समजत नाही. महिन्याच्या पहिल्या व शेवटच्या दिवसाची शिल्लक सारखी आहे म्हणून मधले व्यवहार तपासावयाचे नाहीत, असे कोणी लेखापरीक्षक म्हणणार नाही. तीस दिवस चालणाऱ्या प्रमाणित नोंदणीयंत्रांत आठ अंशांच्या वर सलग दहा तास, किंवा उणे अर्ध्या अंशाखाली सलग एक तास गेल्यास इशारा देण्याची सोय असते. उष्णतेला दहा तास आणि गोठण्याला एकच तास, या फरकातच कोणता धोका अधिक तातडीचा ते दिसून येते.

नोंदवहीत वेळ, पडद्यावरील आकडा, स्वतंत्र तापमापकाचा आकडा, कमाल, किमान, बॅटरीचा दाब आणि सही एवढेच रकाने पुरेत. नोंद निघताना, दुपारी आणि परतल्यावर करावी. आकडा मर्यादेबाहेर असेल तर तो जसा आहे तसाच लिहावा. आठाच्या जागी नऊ लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला जाब विचारला जाणार असेल, तर पुढच्या वेळी वहीत सातच दिसेल आणि ती वही निरुपयोगी ठरेल. प्रशासनाने नऊ लिहिणाऱ्याचे आभार मानले पाहिजेत.

मर्यादा मोडल्यास

तापमान मर्यादेबाहेर गेल्याचे आढळल्यास औषध ताबडतोब फेकू नये आणि वापरूही नये. ते योग्य तापमानात हलवून, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून वेगळे ठेवावे आणि किती अंश व किती वेळ याची नोंद औषधनिर्मात्याला व वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी. थोड्या वेळाच्या उष्णतेनंतर काही औषधे वापरता येतात. त्याचा निर्णय नोंदीवरून होतो. नोंद नसेल तर सारेच टाकून द्यावे लागते.

ॲल्युमिनिअमयुक्त लस गोठल्याची शंका असल्यास आरोग्य सेवेत प्रचलित असलेली हलवून पाहण्याची चाचणी, म्हणजे शेक टेस्ट करतात. त्याच लॉटची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळू देतात. मग ती आणि शंकित कुपी एकत्र हलवून शेजारी ठेवतात. शंकित कुपीतील गाळ गोठविलेल्या कुपीइतक्याच किंवा त्याहून अधिक वेगाने खाली बसला, तर ती लस गेली असे समजावे. जी कुपी डोळ्यांदेखत घट्ट गोठलेली आढळली, तिची चाचणीही करू नये, ती टाकूनच द्यावी. इन्सुलिनला ही चाचणी लागू नाही. ते गोठले असेल तर टाकावे, आणि गोठल्याची शंका असेल तर वापरू नये.

रस्ता बंद झाल्यास किंवा फ्रीज पूर्णच थांबल्यास उपयोगी पडावा म्हणून गाडीत एक व्हॅक्सिन कॅरिअर नेहमी ठेवावा. पावसाळ्यात फ्रीज हे मुख्य साधन असले, तरी कॅरिअर हा आपला राखीव निधी आहे.

समारोप

वाचकांच्या ध्यानात आले असेल की या साऱ्या व्यवस्थेत महागडे असे थोडेच आहे. योग्य जाडीची वायर, दुसरी बॅटरी, स्वतंत्र तापमापक, पाण्याच्या बाटल्या आणि एक वही. फ्रीजच्या किमतीपुढे यातील बऱ्याच वस्तूंची किंमत किरकोळ आहे. परंतु त्या नसतील तर फ्रीजची किंमतही वाया जाते आणि आतल्या औषधाचीही. त्याहून मोठे नुकसान होते ते ज्या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवून हात पुढे केला, त्याचे.

फिरत्या दवाखान्याची परिचारिका आणि चालक मुसळधार पावसात, घाटाच्या कडेला गाडी थांबवून झाकणाआडचा आकडा वाचतात आणि वहीत लिहितात. त्यांच्या या कामाला टाळ्या मिळत नाहीत, कारण ते नीट झाले म्हणजे काहीच घडत नाही. बाळाला रोग होत नाही, मधुमेह्याची साखर चढत नाही, कुत्रा चावलेल्या गुराख्याच्या जिवाला धोका होत नाही. देणगीदारांनी पुढील खेपेस रुग्णालयास भेट दिल्यास कार्यालयात येऊन ही वही अवश्य पाहावी, अशी विनंती आहे.